छत्रीवाला आला त्या दुपारी

त्या वर्षी आम्ही सगळे आकाशाकडे बघत चालायचो. एकाहत्तरचा डिसेंबर, लढाई सुरू होती, आणि कोल्हापुरात कुणीतरी पिल्लू सोडून दिलं होतं की शत्रूचे सैनिक पाठीला छत्र्या बांधून विमानातून उड्या टाकतात. एक म्हणे पन्हाळ्यावर उतरला. दुसरा रंकाळ्यात पडला आणि पोहत कडेला आला. लढाई कुठं, आम्ही कुठं, पण अफवेला काही तिकीट लागत नाही. मला मात्र त्या छत्र्यांची भीती कमी आणि ओढच जास्त होती. राजारामपुरीत मावाच्या गच्चीवर संध्याकाळी कपडे काढायला गेले की मी उगाच रेंगाळायचे. मावा म्हणजे मामा. आम्ही गडहिंग्लजकडचे, घरात निम्मं बोलणं कानडीत. वाटायचं, आता एक पांढरी छत्री हळूहळू खाली येईल, जराही आवाज न करता, आणि तिच्याखाली कोण आहे ते फक्त मलाच दिसेल.

कॉलेजात ही अफवा मनावर घेतली ती एकट्या कृष्णात सरांनी. ते खेळाचे सर. कुस्तीत कान मोडलेले, आणि आवाज असा की मैदानाच्या पलीकडचा माणूस दचकावा. हत्यार घेतलेला माणूस आवारात शिरला तर काय करायचं, याची त्यांनी एक तालीम बसवली. घंटा सलग वाजत राहिली की दार लावायचं, कडी घालायची, टेबल दाराला लावायचं, दिवा बंद करायचा आणि खिडकीखाली भिंतीला पाठ लावून बसायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम ते परत परत सांगायचे, की काय झालं ते बघायला पळायचं नाही. मग स्वतःच एनसीसीची लाकडी बंदूक घेऊन व्हरांड्यातून फिरायचे आणि दारं ढकलून बघायचे. जे दार उघडायचं त्या वर्गाला ते ओरडून सांगायचे की तुम्ही मेलात. पोरांनी त्याला नाव ठेवलं छत्रीवाल्याची तालीम.

पहिल्या तालमीला घंटा वाजली आणि सगळं कॉलेज मैदानात आलं, छत्रीवाला कुठं उतरला ते बघायला. आमच्या गावाचा हा जुना आजार आहे. दोन म्हशी शिंगाला शिंग लावून उभ्या राहिल्या तरी इथं शंभर माणूस जमतं, आणि त्यातली निम्मी माणसं एकेका म्हशीची बाजू घेऊन भांडायला लागतात. प्राचार्यसुद्धा सज्ज्यात येऊन उभे राहिले होते. मधोमध कृष्णात सर लाकडी बंदूक घेऊन उभे. "समदं कॉलेज मेलं," ते म्हणाले, आणि कुणाकडे न बघता ऑफिसात निघून गेले.

नियम पाळला तो फक्त मुलींच्या खोलीनं. पण त्याचं श्रेय आम्हाला नाही, धोंडुबाईला. ती आमची खोली सांभाळायची, चहा करायची आणि आमच्यावर डोळा ठेवायची. घंटा वाजताच तिनं एकेकीचं बखोट धरून खाली बसवलं आणि स्वतः दाराला पाठ लावून बसली. लढाई लवकरच संपली. काचांवर चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या कुणी खरवडून काढल्या नाहीत, आणि सरांनी तालीमही सोडली नाही. दर शनिवारी घंटा व्हायची आणि आम्ही खाली बसायचो. मला ती वेळ फार आवडायची. खोलीत निम्मा अंधार, पट्ट्यांच्या फटीतून आलेलं ऊन फरशीवर तुकड्यातुकड्यांनी पडलेलं, पावडरीचा वास, आणि सरांच्या बुटांचा आवाज लांब लांब जाणारा. डोळे मिटले की वाटायचं आपण सगळ्या पाण्याच्या तळाशी बसलोय. कधी कधी मला तिथंच झोप लागायची.

पुढच्या ऑगस्टात निवडणुका आल्या. आमच्याकडे कॉलेजची निवडणूक म्हणजे आमदारकीची धाकटी बहीणच. जीपगाड्या, मिसळीच्या पंगती, शहरभर भिंतींवर चुन्यानं रंगवलेली नावं, आणि निकालाच्या दिवशी गुलाल. मुलींची प्रतिनिधी तोवर बिनविरोध व्हायची. कुणा प्राध्यापकाची शांत मुलगी बघून तिचं नाव लावून टाकायचे. त्या वर्षी दोघी उभ्या राहिलो. एक मी, रत्नव्वा, आणि दुसरी पद्मजा इंगवले.

मला जिंकायचं होतं, हे आधीच सांगून टाकते. उगाच साधेपणाचा आव आणायचा माझा स्वभाव नाही. दोन वर्षं कॉलेजात मी 'ती कानडी पोरगी' होते. हजेरीच्या वेळी माझं नाव आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी त्यातल्या 'व्वा'वर दाद द्यायचा. ते नाव एकदा भोंग्यातून मोठ्यानं, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं घेतलं जावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मी उन्हातान्हात फिरून एकेका मुलीला भेटले होते. भिंतींवर माझं नाव फारसं नव्हतं, कारण भिंती रंगवणारी सगळी पोरं पद्मजाच्या बाजूची होती.

पद्मजा भोगावतीकाठच्या एका गावची, इनामदार मराठ्यांची. उंच, मोकळी, बोलायला रोखठोक. तिचा अर्जही पोरांनीच भरला होता, आणि मग तिचं तिलाच ते आवडायला लागलं. तिच्या घरी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिचे वडील हंबीरराव, त्यांना ती अप्पा म्हणायची. वसतिगृहात सोडायला आले तेव्हा त्यांनी तिला फाटकापाशी सांगितलं होतं की चारचौघांत तुझं नाव निघालं असं कानावर आलं, तर तिथं येऊन गोळी घालीन. हे तिनं मला एकदा चहा पिता पिता सांगितलं. मी हसले. ती हसली नाही. घरात भिंतीला दुनळी बंदूक आहे, म्हणाली, रानडुकरांसाठी, आणि अप्पा बोलतात ते करतात.

मतमोजणी वाचनालयात होती. मुलींची खोली त्याला लागूनच, मधे एक दार. मुलींनी मोजणीच्या गर्दीत यायचं नाही असा रिवाज, म्हणून आम्ही दोघी धोंडुबाईच्या ताब्यात खोलीत बसलो होतो. निवडणुकीचं काम नृसिंह सरांकडे होतं. ते मराठी शिकवायचे, आणि इतके सरळ की पेपर तपासताना अर्धा मार्क वाढवायलाही त्यांचा हात धजायचा नाही. दुपारी ते मधल्या दारानं आत आले, चष्मा पुसला, आणि बाहेर जाहीर करण्याआधी तुम्हा दोघींना सांगतो म्हणाले. मी निवडून आले होते.

मला पंख फुटले. खिडकीतलं ऊन, टेबलावरच्या कपबश्या, धोंडुबाईच्या कपाळावरचं गोंदण, सगळं एकदम लख्ख आणि लांबचं दिसायला लागलं. पद्मजानं माझा हात धरून जोरात हलवला आणि मनापासून हसली. "बरं झालं," ती म्हणाली. "आता भिंतीवरचं नाव पुसून टाकतो मी." आमच्या कोल्हापुरात मुली अशाच बोलतात, करतो, जातो. नृसिंह सर माइककडे जायला वळले.

आधी कावळे उडाले. मग आवाज झाला ते कळलं. मला अजून ते असंच आठवतं, आधी आकाशभर कावळे आणि मग तो आवाज. सर दारातच थांबले. धोंडुबाई म्हणाली, कुणीतरी फटाका उडवला. पद्मजाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं नव्हतं, ते तसंच राहून गेलं होतं.

"आमची बंदूक हाय ती," ती म्हणाली. "अप्पा आल्यात."

झालं होतं ते असं. हंबीरराव सकाळी खताच्या कामासाठी कोल्हापूरला आले होते. एसटी स्टँडसमोरच्या भिंतीवर त्यांना आपल्या मुलीचं नाव दिसलं, म्हशीएवढ्या अक्षरांत. त्या भिंतीखाली दोन पोरं दोघी उमेदवारांत देखणी कोण यावर वाद घालत होती. हंबीररावांनी खत घेतलं नाही. आल्या पावली गावाकडे गेले, बंदूक काढली आणि दुसऱ्या बसनं परत आले. बसमध्ये त्या बंदुकीकडे कुणी वळून बघितलंसुद्धा नाही, कारण माणसं बंदुका दुरुस्तीला शहरात आणायचीच. कॉलेजच्या फाटकाशेजारी भिंतीवर परत तेच नाव दिसलं, आणि त्यांनी एक बार त्या नावावर टाकला.

कृष्णात सर तेव्हा फाटकाजवळ होते. त्यांनी नियमाप्रमाणे पिराजी शिपायाला घंटा बडवायला सांगितली. घंटा सलग वाजायला लागली. आता सगळ्यांनी दारं लावून खाली बसायचं होतं. पण तो निकालाचा दिवस, आणि पोरांच्या हातात सकाळपासून गुलालाच्या पिशव्या. आधी बार झाला, मग घंटा झाली, म्हणजे निकाल लागला. दुसरं काय असणार? सगळं कॉलेज बाहेर पळालं, आणि पळालं ते सरळ बंदुकीच्या दिशेनं.

फाटकात फेटा बांधलेला उंच माणूस, त्याच्या हातात धुरावलेली बंदूक, आणि मागे भिंतीवर पद्मजा इंगवले. आमच्याकडे खेड्यात निवडणूक जिंकली की वाड्यातून आकाशात बार काढतात. हे कोण आणि कशाला आलेत, हे कुणी कुणाला विचारायची गरजच पडली नाही. पोरीचा बाप. पोरगी निवडून आली, बापानं बार काढला. त्यांना तोंड उघडायलाही कुणी सवड दिली नाही. पहिली ओंजळ त्यांच्या तोंडावरच बसली, आणि पुढच्या क्षणी हंबीरराव पोरांच्या खांद्यांवर होते.

हे सगळं मी खिडकीच्या फटीतून बघितलं. हो, मी नियम मोडला. मीही शेवटी इथलीच. धोंडुबाईनं कडी घालून टेबल लावलं होतं, पद्मजाला भिंतीशी बसवलं होतं, आणि मला खाली ओढत होती. नृसिंह सर चष्मा हातात धरून फरशीवर बसले होते. त्यांना मी तसं बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

मैदानावर गुलालाचा ढग चढत होता. त्यात फेटे, हात, हलग्या दिसत होत्या आणि विरघळत होत्या. ऊन त्यातून गाळून येत होतं. थोड्या वेळानं तो गुलाल आमच्या खिडकीच्या फटींतून आत यायला लागला, दाराखालून यायला लागला, अगदी सावकाश. खोलीतली हवा गुलाबी झाली. फरशीवरचे उन्हाचे तुकडे गुलाबी झाले. धोंडुबाईचे पांढरे केस, सरांचा सदरा, पद्मजाच्या पापण्या. बाहेरचा गोंगाट मला ऐकू येत होता, पण दुसऱ्या गावात चाललेला असावा तसा. मला एकदम वाटलं की हे आपण झोपेत बघतोय, शनिवार आहे, आणि आता सरांच्या बुटांचा आवाज येईल.

बूट होते, पण नाचत होते. कृष्णात सरांना मी त्या गर्दीत बघितलं तेव्हा ते वेडे झाले असं मला वाटलं. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ते घोषणा देत होते, एक हात वर करून नाचत होते. मग नीट बघितलं. दुसरा हात त्यांनी हंबीररावांच्या बंदुकीच्या दस्त्यावर ठेवला होता. गर्दी झोके खाईल तशी बंदूक कलायची, कधी वाचनालयाकडे, कधी आमच्या खिडकीकडे, आणि सर नाचता नाचता तो दस्ता असा दाबायचे की नळ्या परत आकाशाकडे व्हायच्या. एकट्या त्यांनाच कळलं होतं, आणि त्यांनी ते ओठावर येऊ दिलं नाही. तिथं कुणी 'मारायला आलाय' म्हटलं असतं तर पोरं एकमेकांच्या पायाखाली चिरडली असती. त्यांच्या घामानं गुलालाचा चिखल झाला होता.

"एक नळी झाली," पद्मजा खालून म्हणाली. "दुसरी हाय अजून."

बाहेर आता घोषणा बदलली होती. आधी पद्मजाच्या नावाची होती. मग कुणीतरी बापाचं नाव काढलं असणार. हंबीरराव इंगवले यांचा विजय असो, असं सगळं मैदान ओरडायला लागलं. ते ऐकून पद्मजानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं ती रडतेय. ती सांगत होती, आम्हाला नव्हे, त्या गुलाबी हवेला सांगावं तसं. अप्पा गावात सरपंचकीसाठी तीनदा उभे राहिले आणि तीनदा पडले. दर वेळी निकालाच्या दिवशी ते आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, सगळी दारं लावून माजघरात बसायचे. जिंकलेल्यांची मिरवणूक मुद्दाम त्यांच्या दारासमोर थांबायची, हलगी वाजवायची. मिरवणूक गेली की आईला उंबऱ्यावरचा गुलाल झाडून घ्यायला सांगायचे, आणि तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. "त्यांच्या अंगाला कधी लागला न्हाय गं," ती म्हणाली.

गर्दी आमच्या दाराकडे सरकत होती. निवडून आलेल्या मुलीला न्यायला येणारच. पोरं वाचनालयाच्या खिडक्यांवर थापा मारत होती की निकाल भोंग्यावर सांगा. नृसिंह सर उठले. त्यांचा रंग उडाला होता, पण ते म्हणाले की निकाल तो निकाल, मी तो बदलू शकत नाही. मला त्यांचा राग आला नाही. ते खोटं बोलले असते तर ते नृसिंह सर राहिलेच नसते. पद्मजाही म्हणाली, खरं तेच सांगा. पण ती हेही म्हणाली की भिंतीवरचं नाव, आणि खांद्यावरून खाली आपटणं, ही दोन्ही एका दिवशी अप्पांना सोसायची नाहीत. मग ती उठून उभी राहिली, आणि तुम्ही तिघं आत राहा, मी जातो, असं म्हणाली.

खोटं कशाला बोलू, मला राग आला. बंदुकीचा आला, पोरांचा आला, सगळ्यांचा आला. हातातोंडाशी आलेला घास होता. मी जिंकले होते, आणि त्या जिंकण्याची चव जिभेला लागायच्या आत बाहेर दुसऱ्याच माणसाच्या नावानं गुलाल उडत होता. मनात येऊन गेलं की कशावरून तो गोळी घालेल? बाप आहे. बोलतात माणसं. मी का म्हणून सोडायचं? हे सगळं माझ्या मनात आलं, आणि अगदी स्पष्ट शब्दांत आलं.

तेवढ्यात पद्मजानं कानातल्या कुड्या काढल्या. मनगटावरचं घड्याळ काढलं. धोंडुबाईचा हात उलगडून त्यात ठेवलं आणि आईला द्या म्हणाली. मग पदर नीट खोचला. तिच्या कानाच्या पाळ्यांना गुलाल लागला होता, पण कुड्यांच्या जागी तेवढा नव्हता, तिथं तिची मूळची कातडी दिसत होती. मी त्या दोन छोट्या ठिपक्यांकडे बघत राहिले.

"सर," मी म्हणाले, "हिचं नाव सांगा."

"अगं, पण आलीस तू."

"मी आलो हे आपल्या चौघांना ठाऊक हाय. बास की तेवढं."

पद्मजा नको म्हणाली. मी तिला गप्प बस म्हणाले, ते जरा जास्तच जोरात म्हणाले.  नृसिंह सरांनी चष्मा घातला आणि मधल्या दारानं गेले. भोंगा खरखरला. सरांचा आवाज आला, वर्गात कविता वाचताना लागायचा तसा स्वच्छ. मुलींच्या प्रतिनिधी म्हणून कुमारी पद्मजा हंबीरराव इंगवले या निवडून आल्या आहेत. त्यात जराही कंप नव्हता. आयुष्यातलं पहिलं खोटं माणूस इतकं चांगलं बोलू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

मी फटीला डोळा लावला होता. खांद्यांवरच्या हंबीररावांनी आपलं नाव भोंग्यातून ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. आधी ते पोरांच्या हातांतून सुटायला धडपडत होते. आता त्यांचे पाय सैल पडले, जत्रेत खांद्यावर झोपलेल्या पोराचे पडतात तसे. माझं नाव भोंग्यातून कधीच आलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे कुणी असा गैरसमज करून घ्यायला नको की एका दुपारीत माणूस बदलतो. हंबीरराव बदलले नाहीत. त्यांनी गावभर सांगितलं की माझी पोरगी कोल्हापुरात निवडून आली, आणि एकदा सांगून बसल्यावर तिला कॉलेजातून काढायची सोय उरली नाही. ती बी.ए. झाली, एम.ए. झाली. लग्न त्यांनी तिला न विचारताच ठरवलं. पण लग्न तरी जिवंत मुलीचंच लागतं. फाटकाच्या भिंतीवर छर्‍यांची भोकं कितीतरी वर्षं होती, आणि पोरं ती विजयाची खूण म्हणून नव्या पोरांना दाखवायची. कृष्णात सरांनी तालीम बंद केली. म्हणायचे, नियम एकानंही पाळला नाही म्हणून वाचलो, आता कुणाला कोणत्या तोंडानं शिकवू. नृसिंह सर मला व्हरांड्यात दिसले की चष्मा काढून पुसायला लागायचे. आम्ही चौघांनी हे कुणालाही सांगितलं नाही. मी निवडणुकीत पडले म्हणून मावाच्या घरी अज्जीनं मला त्या रात्री हातानं भरवलं, आणि मी निमूट खाल्लं.

पण आता दाराकडे येते. गर्दी दारात होती. टेबल ओढलं ते पद्मजानं, कडी काढली ती मी. धोंडुबाई तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होती. बाहेरचा उजेड इतका गुलाबी होता की क्षणभर काहीच दिसेना. मग त्यातून हंबीरराव दिसले. पोरांनी त्यांना खाली उतरवलं होतं. फेटा सुटून गळ्यात आला होता, मिशा, भुवया, सगळं गुलालानं माखलेलं. बंदूक त्यांच्या हातात होती, आडवी झालेली, आणि तिची तोंडं पद्मजाच्या पोटासमोर होती. पोरांचा नाच चालूच होता. तिथं काय होऊ शकतं हे आम्हा मोजक्या माणसांनाच माहीत होतं. कृष्णात सरांनी दस्त्यावरचा हात काढला नव्हता.

हंबीरराव मुलीकडे बघत राहिले. "भिंतीवर नाव कुनी लिवलं?" त्यांनी विचारलं.

"पोरांनी, अप्पा," पद्मजा म्हणाली. तिनं पाऊल मागे घेतलं नाही.

"लई मोठं लिवलंय," ते म्हणाले.

कुणीतरी त्यांच्यापुढे गुलालाची परात धरली. त्यांनी परातीकडे बघितलं, मग हातातल्या बंदुकीकडे. गुलाल घ्यायला हात मोकळा पाहिजे होता. त्यांनी शेजारी न बघताच बंदूक कृष्णात सरांच्या हातात दिली, देवळात शिरताना चप्पल काढून द्यावी इतक्या सहज. सरांनी ती नळ्यांपाशी दुमडून उघडली, उरलेलं काडतूस खिशात टाकलं आणि तिथंच मटकन खाली बसले. हंबीररावांनी मुलीच्या कपाळाला गुलाल लावला. तो तिच्या नाकावर, गालावर, सगळीकडे लागला.

मग त्यांनी विचारलं, हरली ती पोरगी कोण. पोरांनी हसत मला पुढे ढकललं. मी मागे सरकले तर पाठीला दाराची चौकट लागली. परात तोवर कुणीतरी पद्मजाच्या डोक्यावर रिकामी करून टाकली होती. हंबीररावांनी रिकाम्या परातीत बोटं फिरवली, मग स्वतःच्या कपाळावरचा गुलाल अंगठ्यानं पुसून घेतला.

"हरलेल्याला कोन गुलाल लावत न्हाय, पोरी," ते म्हणाले. "दारं लावून बसावं लागतं. म्या बसलोय."

आणि त्यांनी तो माझ्या कपाळाला लावला. पोटच्या मुलीला मारायला निघालेला तो अंगठा. मला किळस यायला हवी होती, आणि ती आलीही. पण त्या माणसानं सगळ्या मैदानात एकट्या मलाच ओळखलं होतं, हरलेली म्हणून, आणि मी तर जिंकले होते. मला रडू फुटलं. पोरांना वाटलं हरली म्हणून रडते. हंबीररावांनाही तसंच वाटलं, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या वर्षी परत उभी राहा म्हणून सांगायला लागले.

त्यांच्या खांद्यामागून पद्मजा माझ्याकडे बघत होती. तिनं बोलायला तोंड उघडलं. मी रडता रडताच मान हलवून तिला नको म्हटलं.